पाचशे मीटरचे वर्तुळ

नगररचनेच्या चर्चेत गेली काही वर्षे एक इंग्रजी संज्ञा वारंवार कानी पडते : ट्रान्झिट ओरिएंटेड डेव्हलपमेंट. रेल्वेच्या किंवा मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरात घरे, दुकाने, कचेऱ्या, शाळा दाटीने आणि मिसळून वसवायच्या, म्हणजे माणसे मोटारी आणि दुचाक्या घरी ठेवून गाडीने ये-जा करतील, हा तिचा सारांश. पीटर कॅलथॉर्प या अमेरिकन वास्तुरचनाकाराने 1993 च्या आपल्या पुस्तकातून ही संज्ञा रूढ केली. आपल्या केंद्र सरकारने 2017 मध्ये तिच्यावर राष्ट्रीय धोरणच जाहीर केले. सोयीसाठी आम्ही तिला स्थानककेंद्री विकास म्हणणार आहोत.

कल्पना चांगली आहे, याविषयी आमचा वाद नाही. आमचा आक्षेप ती मोजण्याच्या पद्धतीवर आहे. अमुक स्थानकाभोवतीचा विकास यशस्वी झाला की फसला हे ठरवायचे कसे? यासाठी आज जी मापे वापरली जातात ती मुंबई, पुणे, नागपूर येथे बरीचशी चालून जातात. म्हणून त्यांची परीक्षा आम्ही मुद्दाम नांदेड आणि लातूर येथे करून पाहणार आहोत. तराजूतला दोष धान्याच्या दुकानात लक्षात येत नाही, सोनाराकडे येतो. तसेच हे आहे. या दोन्ही शहरांत मेट्रो नाही, उपनगरी गाडी नाही. पण दोन्ही ठिकाणी रेल्वे शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि दोन्ही शहरे महानगरपालिका होण्याइतकी वाढली आहेत. 2011 च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या सुमारे साडेपाच लाख आणि लातूरची पावणेचार लाखांहून थोडी अधिक होती.

प्रथम प्रचलित माप पाहू. राष्ट्रीय धोरणात स्थानकाचे ‘प्रभावक्षेत्र’ 500 ते 800 मीटर त्रिज्येचे, म्हणजे साधारण दहा-बारा मिनिटांच्या चालीचे धरले आहे. या क्षेत्रात जादा चटईक्षेत्र निर्देशांक द्यावा असे धोरण सांगते. हा निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक 1 असेल तर सर्व मजले मिळून हजार चौरस मीटर आणि 4 असेल तर चार हजार चौरस मीटर बांधता येते. पुणे व नागपूर येथे मेट्रोलगत कमाल 4 पर्यंत निर्देशांक देण्याचे नियम झाले. मग मूल्यमापन कसे होते? नकाशावर वर्तुळ काढायचे, त्यातले बांधकाम पूर्वी किती होते आणि नंतर किती झाले हे पाहायचे, फार तर जमिनीच्या भावांची तुलना जोडायची. बांधकाम वाढले, भाव वाढले, की विकास झाला.

आता हे वर्तुळ नववी-दहावीच्या भूमितीने तपासू. 500 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 78.5 हेक्टर होते. पण माणूस कावळ्यासारखा सरळ रेषेत उडत नाही, रस्त्याने वळणे घेत जातो. रस्ते काटकोनात छेदणारे आहेत असे समजा. स्थानकापासून पाचशे मीटर चालून जिथवर पोचता येते ते सर्व बिंदू जोडले तर वर्तुळ मिळत नाही, टोकावर उभा केलेला चौरस मिळतो. त्याचा प्रत्येक कर्ण 1000 मीटरचा, म्हणून क्षेत्रफळ 50 हेक्टर. वर्तुळाच्या जवळजवळ 64 टक्केच! हा हिशेब सुद्धा उदार आहे, कारण त्यात रस्ते सर्वत्र आणि अखंड आहेत असे धरले आहे. शिवाय स्थानकाला एकाच बाजूने दार असेल तर रुळांपलीकडचा अर्धा चौरस गळतो आणि उरतात 25 हेक्टर, वर्तुळाच्या एक-तृतीयांशाहून कमी. पलीकडे राहणाऱ्याला फलाट खिडकीतून दिसतो, पण फलाटावर यायला उड्डाणपुलाचा किंवा फाटकाचा वळसा. नियमाच्या भाषेत मात्र तो ‘प्रभावक्षेत्रातला’ रहिवासी असतो. म्हणूनच नांदेडच्या स्थानकात गोकुळनगरच्या बाजूनेही शिरता येते ही गोष्ट, आमच्या मते, एखाद्या उंच इमारतीपेक्षा मोलाची आहे. एका दाराने चालण्याच्या टप्प्यातले क्षेत्र दुप्पट होऊ शकते, आणि त्यासाठी निर्देशांकाला हात लावावा लागत नाही.

नागपूरच्या नियमात तर आणखी एक विशेष आहे. तेथे पट्टा स्थानकाभोवती न आखता मेट्रोमार्गाच्या दोन्ही बाजूंस 500 मीटर असा सलग आखला गेला. दोन स्थानकांत एक किलोमीटर अंतर आहे असे धरा. दोहोंच्या बरोबर मध्ये, मार्गापासून 500 मीटर आत असलेल्या घरातून जवळचे स्थानक सरळ रेषेत 707 मीटर आणि काटकोनी रस्त्यांनी पूर्ण एक किलोमीटर पडते. मे महिन्यातील नागपूरच्या दुपारी एवढे अंतर चालून मेट्रो गाठणारा रहिवासी दुर्मीळच म्हणावा लागेल. त्या घराला जादा चटईक्षेत्र मिळाले, वाहनतळही मिळाला, आणि मोटार रस्त्यावर आली. पुण्यात पुढे स्थानकाभोवतीच्या वर्तुळाचा नियम आला. तो काटेकोर नसला तरी निदान योग्य दिशेने आहे.

भूमितीचा दोष दुरुस्त करता येतो. यापेक्षा मोठा दोष असा की या मापात ‘विकास’ मोजला जातो, ‘ट्रान्झिट’ मोजलेच जात नाही. गाड्या किती वेळाने येतात, हा प्रश्न मुळातच गृहीत धरलेला असतो. मुंबईच्या लोकलला वेळापत्रक पाहून जावे लागत नाही. दर दहा मिनिटांनी गाडी असेल तर अवचित आलेल्या प्रवाशाला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. तासाला एक असेल तर सरासरी अर्धा तास. आणि हव्या त्या दिशेला दिवसाकाठी चार-पाच गाड्या असतील तर सरासरीला काही अर्थच उरत नाही. मग माणूस गाडीच्या वेळेला बांधला जातो, आणि रोजच्या कामासाठी तिचा विचार करीत नाही. नांदेडहून देवगिरी, नंदीग्राम, तपोवन मुंबईकडे जातात, सचखंड थेट अमृतसरला जाते. या गाड्यांनी नांदेड देशाला जोडले आहे. पण तरोड्याहून जिल्हा कचेरीत जाणाऱ्या कारकुनाला किंवा विष्णुपुरीच्या विद्यार्थ्याला त्यांचा उपयोग नाही. रेल्वे आहे, म्हणून स्थानकाभोवती दाट वस्ती करावी, हे विधान येथे तर्काच्या कसोटीवर टिकत नाही.

या बाबतीत ॲमस्टरडॅमचे लुका बर्टोलिनी यांनी 1999 मध्ये मांडलेली एक साधी आकृती उपयोगी पडते. प्रत्येक स्थानकाची दोन रूपे असतात, असे ते म्हणतात. एक गाठ, म्हणजे अनेक मार्ग एकत्र येण्याची जागा, आणि दुसरे ठिकाण, म्हणजे माणसे काही कामासाठी येतात अशी जागा. आलेखाच्या एका अक्षावर गाठ किती बळकट ते मांडायचे, दुसऱ्यावर ठिकाण किती गजबजलेले ते. दोन्ही साधारण सारखे असले की स्थानक तोल राखून असते. मराठवाड्यातील स्थानके या आलेखावर मांडण्याचा खेळ भूगोलाच्या तासाला चांगला रंगेल. पूर्णा जंक्शन आपल्या गावाच्या मानाने फार मोठी गाठ आहे. तेथे गाड्या बदलतात, पण जिल्ह्यातील माणूस पूर्ण्याला मुद्दाम काही खरेदीला जात नाही. मुदखेडचेही तसेच. नांदेड दोन्ही अक्षांवर वर आहे, मात्र गाठ लांब पल्ल्याची. आणि लातूर? लातूरची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबई-मद्रास मार्ग बार्शीला टाळून गेला. बार्शीसाठी जे स्थानक ठेवले ते कुर्डुवाडीचे, आणि त्याला नाव दिले बार्शी रोड. स्थानकाच्या नावात ‘रोड’ आला की समजावे, रूळ गावाला वळसा घालून गेले आहेत. मानवत रोड, नाशिक रोड, आणि लातूरपासून तीसएक किलोमीटरवरचे लातूर रोड ही याच कुळातील नावे. बार्शीच्या कापसाला ही गैरसोय परवडेना. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वे बांधली. 1897 मध्ये ती बार्शीला पोचली, आणि 1911 मध्ये निजामाच्या हद्दीतील लातूरला. (कॅलथ्रॉप आणि कॅलथॉर्प ही नावे इतकी सारखी आहेत की वाचकांचा घोटाळा होऊ नये. दोघांचा काही संबंध नाही.) लातूरचे हे जुने स्थानक गावातच होते. गंजगोलाई या वर्तुळाकार बाजारपेठेची आखणी 1917 ची मानली जाते. मध्ये देवीचे मंदिर, भोवती दुकाने, आणि सोळा रस्ते येऊन मिळणारा चौक. रेल्वे आल्यावर सहा वर्षांनी ही आखणी व्हावी, हा निव्वळ योगायोग नसावा, असे आमचे मत आहे. आडत, डाळी, तेलबिया यांचा व्यापार आणि गाडी यांनी एकमेकांना पोसले.

त्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते हे पाहण्यासारखे आहे. 1910 मध्ये जपानमधील ओसाकाजवळ इचिझो कोबायाशी यांच्या खाजगी कंपनीने मिनो-अरिमा हा विजेवरचा रेल्वेमार्ग सुरू केला. मार्ग तेव्हा विरळ वस्तीतून जात होता. कंपनीने मार्गालगत जमिनी घेतल्या, इकेदा येथे घरे बांधून ती हप्त्यांनी विकली, आणि आपले प्रवासी आपणच निर्माण केले. 1929 मध्ये तिने ओसाकाच्या उमेदा स्थानकात मोठे विक्रीभांडार उघडले. स्थानककेंद्री विकासाच्या इतिहासात हे उदाहरण हटकून दिले जाते. लातूरचे कोणी देत नाही. दोन्ही ठिकाणी खाजगी कंपनीची रेल्वे होती. फरक असा की ओसाकात गाड्या दिवसभर येत-जात राहिल्या आणि घर ते कामाची जागा हा रोजचा प्रवास त्यांवर उभा राहिला. लातुरात बाजार होता, रोजचा प्रवास नव्हता. बर्टोलिनींच्या भाषेत सांगायचे तर जुने लातूर हे भरभक्कम ठिकाण आणि दुबळी गाठ.

मग रुंदीकरण आले. लातूर ते उस्मानाबाद (आता धाराशिव) हा टप्पा 2007 मध्ये आणि तेथून कुर्डुवाडीपर्यंतचा 2008 मध्ये रुंदमापी झाला. जुनी अरुंदमापी गाडी उस्मानाबादला न शिवता येडशीवरून जात असे. नवा मार्ग जिल्ह्याच्या त्या ठिकाणाजवळून नेला, हे योग्यच झाले. लातूरला मुंबईची थेट गाडी मिळाली. एका जिल्ह्याला याहून मोठे दान ते कोणते! परंतु लातूरचे नवे स्थानक शहराच्या मध्यापासून काही किलोमीटर दूर, मोकळ्या माळावर गेले. गावातील रूळ उखडले गेले आणि त्यांची आठवण ‘जुनी रेल्वे लाईन’ या पत्त्यापुरती राहिली. म्हणजे गाठ बळकट झाली त्याच वेळी ती ठिकाणापासून सुटली. नाव बदलले नाही एवढेच, नाही तर नव्या स्थानकालाही ‘रोड’ शब्द शोभला असता.

ही टीका रुंदीकरणावर नाही. रुंदमापी मार्गाला वळणे मोठी लागतात, फलाट लांब लागतात, मालधक्क्याला जागा लागते. गावातल्या अडीच फुटी पट्ट्यात ते बसले नसते. टीका पुढच्या हिशेबावर आहे. मुंबईची गाडी रात्री सुटते आणि परतीची सकाळी पोचते. लातूर हे विद्यार्थ्यांचे शहर आहे. शिकवण्यांसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो मुले-मुली येथे खोल्या करून राहतात. सुटीला गावी किंवा परीक्षेला पुण्या-मुंबईला निघालेली सतरा-अठरा वर्षांची मुलगी रात्री स्थानकावर कशी जाते, कोणासोबत जाते, रिक्षावाला किती मागतो, ह्या गोष्टी कोणत्याही मूल्यमापनाच्या तक्त्यात येत नाहीत. स्थानकाभोवतीच्या माळावर किती चौरस मीटर बांधकाम झाले, हे येते. उद्या तेथे दहा मजली इमारती उभ्या राहिल्या तर तक्त्यात लातूरला उत्तम गुण मिळतील. त्या मुलीच्या रात्रीच्या रस्त्यावर मात्र दिवाही वाढलेला नसेल.

उलट जुन्या रेल्वे लाईनचा विचार करा. दाट वस्तीतून सलग जाणारी, एके काळी सार्वजनिक असलेली पट्टी कोणत्याही शहराला पुन्हा विकत घेता येत नाही. अशा पट्टीवर शहर बसची वेगळी वाट, सावलीचा पादचारी मार्ग आणि टोकाला रेल्वे स्थानक अशी जोडणी असेल, तर लातुरात स्थानककेंद्री विकास गंजगोलाईच्या आसपास आधीच झालेला आहे. तो नव्याने बांधण्याची गरज नाही, त्याला गाडीपर्यंत पोचवण्याची गरज आहे.

आता नांदेडकडे येऊ. येथे तुलना करण्याची एक दुर्मीळ संधी मिळते, कारण एकाच संस्थेने दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी काम केलेले आहे. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबई वसवताना रेल्वेला आधी हात घातला. मानखुर्दहून ठाण्याची खाडी ओलांडणारी गाडी मे 1992 मध्ये वाशीला पोचली. खर्चाचा 67 टक्के वाटा सिडकोने आणि 33 टक्के रेल्वेने उचलला. जमीन सिडकोची होती, त्यामुळे रेल्वे आल्याने वाढलेल्या भावातून रेल्वेचाच खर्च निघावा असे हे गणित होते. वाशी, बेलापूर येथील स्थानकांवर कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांच्या रूपाबद्दल आमचे मत फारसे अनुकूल नाही. स्थानकापुढची प्रशस्त मोकळी पटांगणे उन्हातान्हात पार करणे ही प्रवाशाला शिक्षाच आहे. पण गाठ आणि ठिकाण यांचा मेळ तेथे आराखड्यातच होता.

याच सिडकोने नांदेडातही नगर वसवले, ते गोदावरीच्या दक्षिण काठाकडे. स्थानक उत्तर काठावर. या वस्तीला लोक आज नुसतेच ‘सिडको’ म्हणतात. 1997 मध्ये नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली, तिच्या नावातील वाघाळा याच बाजूचे. दक्षिणेकडे विष्णुपुरीला 1981 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय होते. 1994 मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, तेही तिकडेच. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयही वजिराबादेतून उठून विष्णुपुरीला गेले. म्हणजे शिकणारी, नोकरी करणारी आणि आजारी माणसे ज्या जागांकडे रोज जातात त्या एकेक करून नदीपार गेल्या, आणि रेल्वे होती तिथेच राहिली. यात सिडकोला दोष देणे अन्यायाचे होईल. त्या काळी नांदेडची रेल्वे मीटरमापी होती आणि शहरांतर्गत प्रवासाशी तिचा संबंध नव्हता. परंतु स्थानकाभोवती 500 मीटरचे वर्तुळ काढून आज नांदेडचे मूल्यमापन करणारा या सर्व जागा वगळून बसतो. स्थानकापासून दीड-दोन किलोमीटरवरचा हुजूर साहिब गुरुद्वाराही त्याच्या वर्तुळात येत नाही. ज्या कारणासाठी देशभरातून माणसे या स्थानकावर उतरतात ते कारणच वर्तुळाबाहेर! 2008 मध्ये गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने आणि जवाहरलाल नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून नांदेडात रस्त्यांवर मोठा खर्च झाला. त्या खर्चाचे मूल्यमापन करताना स्थानक ते गुरुद्वारा हे अंतर वृद्ध यात्रेकरूला सामानासह पायी, सावलीतून, न थांबता जाता येते का, ही कसोटी लावायला हवी होती.

मग वर्तुळाऐवजी काय? भूगोलाच्या शिक्षकांना समताप रेषा आणि समभार रेषा परिचित आहेत. तशाच समकाल रेषा काढता येतात. स्थानकातून निघून सार्वजनिक साधनाने किंवा पायी दहा मिनिटांत, वीस मिनिटांत, तीस मिनिटांत जिथवर पोचता येते ते बिंदू जोडायचे. या रेषा वर्तुळे होणार नाहीत. बसचा रस्ता असेल तिकडे त्या जिभेसारख्या लांब जातील, नदीपाशी आखडतील, पुलापाशी पुन्हा बाहेर पडतील. आणि दिवसाच्या वेळेप्रमाणे त्या बदलतील : सकाळी आठला फुगलेल्या, रात्री अकराला आकसलेल्या. त्या रेषांच्या आत किती शाळा, किती दवाखाने, किती घरे येतात ते मोजावे. एखादी बस वाढवली तर रेषा किती सरकते तेही मोजावे. बसच्या एका फेरीने सरकणारी रेषा आणि दहा मजली इमारतीने न सरकणारी रेषा शेजारी शेजारी पाहिल्या की पैसा कोठे घालावा याचा अंदाज येतो.

दाटीबद्दल बोलताना आणखी एक माप विसरले जाते, ते पाण्याचे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. 12 एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्या 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. पुढे 50 वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेस सुमारे 25 लाख लिटर. (ही गाडी ज्या मार्गाने आली तो बहुतांशी बार्शी लाइटचाच रुंद झालेला मार्ग.) शहरी पाणीपुरवठ्याचे आपल्याकडचे प्रमाण माणशी दररोज 135 लिटर धरतात. 25 लाखांना 135 ने भागले तर साडेअठरा हजार माणसे येतात. म्हणजे स्थानकाभोवती निर्देशांक चौपट करून साडेअठरा हजार नवे रहिवासी आणले, तर दुष्काळाच्या वर्षी त्यांच्यापुरतीच रोज एक पूर्ण जलगाडी हवी. जमिनीचा तुटवडा असलेल्या मुंबईत दाटीची मर्यादा वाहतुकीने ठरते, लातुरात ती मांजरा धरणाने ठरेल. बाहेरून घेतलेल्या तक्त्यात या मर्यादेला रकाना नाही.

जे मोजले जाते त्याचा अर्थ लावतानाही घसरायला होते. स्थानकाजवळ राहणारे लोक दूर राहणाऱ्यांपेक्षा गाडीने जास्त प्रवास करतात, असे पाहणीत आढळले की स्थानककेंद्री विकासाचा हा परिणाम, असे म्हटले जाते. वाचनालयाशेजारी राहणारी मुले अधिक पुस्तके वाचतात असे दिसले, तर वाचनालयाने त्यांना वाचक केले की वाचनाची आवड असलेल्या कुटुंबांनी तेथे घर घेतले? ज्यांना रोज गाडीने जायचे असते ते मुळातच स्थानकाजवळ घर शोधतात. हा निवडीचा परिणाम वेगळा काढायचा तर त्याच माणसांचा घर बदलण्यापूर्वीचा आणि नंतरचा प्रवास पाहावा लागतो, किंवा सर्व बाबतींत सारखी पण स्थानक नसलेली वस्ती तुलनेला घ्यावी लागते. प्रयोगशाळेत आपण नियंत्रित प्रयोग शिकवतो, तो हाच.

भावांच्या बाबतीत गफलत याहून गंभीर आहे. स्थानकाजवळचे भाव वाढले की विकास झाला, असे जमीनमालकाच्या दृष्टीने खरेच आहे. पण स्थानकाच्या आसपास कोण राहते हे आपण सारे जाणतो. हमाल, रिक्षाचालक, फेरीवाले, धुणी-भांडी करणाऱ्या बाया, रोजंदारीचे मजूर. पायी चालणारे आणि स्वस्त गाडीने जाणारे हेच लोक. भाव वाढून ते शहराच्या कडेला ढकलले गेले आणि त्यांच्या जागी दोन मोटारी असलेली कुटुंबे आली, तर स्थानकाभोवतीचे बांधकाम वाढेल आणि स्थानकाचे प्रवासी घटतील. 2017 च्या राष्ट्रीय धोरणात प्रभावक्षेत्रातील चटईक्षेत्राचा किमान 30 टक्के हिस्सा परवडणाऱ्या घरांसाठी ठेवावा असे म्हटले आहे. ही त्या धोरणातील सर्वात शहाणी ओळ आहे असे आम्ही मानतो. मूल्यमापन करणाऱ्याने प्रथम याच ओळीकडे बोट दाखवून विचारावे की हा हिस्सा बांधला गेला का, आणि त्यात पूर्वीचे लोक राहतात का.

6 ऑगस्ट 2023 रोजी अमृत भारत योजनेखाली देशातील 508 स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. खर्च 24,470 कोटी रुपयांहून अधिक, म्हणजे सरासरी एका स्थानकाला सुमारे 48 कोटी. सरकते जिने, उद्वाहने, नवे दर्शनी भाग, प्रतीक्षागृहे या गोष्टी प्रवाशांना हव्याच आहेत. फक्त याला स्थानककेंद्री विकास म्हणू नये. तो दाराच्या बाहेर सुरू होतो.

दाराबाहेर काय चालते हे पाहणे अकरावी-बारावीच्या मुलांना सहज जमेल. चार-चार जणांचे गट स्थानकाच्या प्रत्येक दाराशी उभे करावेत. एक गाडी सकाळची, एक रात्रीची. बाहेर पडणाऱ्यांपैकी किती पायी गेले, किती रिक्षाने, किती बसने, किती घरच्या दुचाकीवर, याची नोंद करावी. दर दहाव्या प्रवाशाला विचारावे, कोठे जायचे, किती भाडे पडेल. (दहावाच घ्यावा, बोलका दिसतो म्हणून कोणालाही निवडू नये, नाही तर नमुना बिघडतो.) दुसऱ्या गटाने स्थानकापासून 500 पावले, हजार पावले असे सर्व दिशांना चालून पदपथ कोठे तुटतो, सावली कोठे संपते, दिवा कोठे नाही हे नकाशावर टिपावे. वर्तुळ कंपासने आणि खरी हद्द पेनाने काढावी. दोहोंच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर आलेखाच्या कागदावरील चौकोन मोजून मिळते. काटकोनी रस्त्यांसाठी ते 64 टक्के असते हे वर पाहिलेच. नांदेडला, लातूरला, परभणीला ते किती येते?

हे काम आताच करण्याला एक कारण आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या 284 किलोमीटरच्या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. उरलेल्या भागात जी गावे आहेत त्यांची स्थानके गावापासून किती अंतरावर पडणार, तेथे जायला कोणता रस्ता, कोणती एस. टी., हे बाजार भरण्याआधीच पाहता येईल. त्या पट्ट्यात शाळा असलेल्या शिक्षकांनी या मोजणीला आपल्याच गावापासून सुरुवात करावी. नव्या स्थानकांच्या नावांत ‘रोड’ किती ठिकाणी लागतो, तेही टिपून ठेवावे.